मुलगा सेट आहे का?

"मुलगा सेट आहे ना?" असं फोनवर पलीकडून विचारण्यात आलं, आणि माझ्या ताईनं एका दमात उत्तर दिलं, "हो तर! २०१९ लाच झाला."

पलीकडचे गृहस्थ खूश झाले. ताईही खूश झाली. 'मग रविवारी येतोच घर बघायला' असं ठरून दोन्हीकडचे फोन बंद झाले. या संभाषणात कोणीही एक अक्षर खोटं बोललेलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. घोटाळा झाला तो शब्दात. कराडच्या त्या गृहस्थांच्या मनातला 'सेट' म्हणजे कायमची नोकरी, स्वतःच्या नावावरचा फ्लॅट, दारात चारचाकी, आणि डोक्यावर कर्ज असलंच तर ते पगारातून परस्पर कापून जाणारं. ताईच्या मनातला 'सेट' म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी पुणे विद्यापीठ सहायक प्राध्यापकपदाची जी पात्रता परीक्षा घेतं, ती. माझा भाचा इंग्रजी विषयात ती परीक्षा पास झालाय. तिच्या पाठोपाठ नेटही झालाय. नोकरी लागायची तेवढी राहिली आहे.

म्हणजे भाचा सेट झालेला होता, पण सेट नव्हता. तो एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. तासिका तत्त्व म्हणजे पैसे तासावर मोजायचे आणि द्यायचे मात्र सवडीनं. आपल्या राज्यात 'सेट झालेले' आणि 'सेट असलेले' असे दोन संच घेऊन कोणी वेन आकृती काढली, तर ती दोन वर्तुळं एकमेकांना लांबूनच नमस्कार करताना दिसतील.

या कार्यक्रमासाठी मामा या नात्यानं मी शनिवारीच साताऱ्याला पोचलो. प्रत्यक्ष लग्नात मामाला अंतरपाटाजवळ उभं राहण्यापलीकडे काम नसतं. त्यामुळे आधीच्या कार्यक्रमांत तो शक्य तेवढं बोलून घेतो.

रविवारी सकाळी मला जाग आली तीच या शब्दानं. ताई ओट्यापाशी पातेल्यावरचं झाकण उचलून म्हणत होती, "अगं बाई, दही सेटच झालं नाही!" पाठोपाठ भाची पर्स शोधत बाहेर आली, "केस सेट करून येते गं, पार्लरवाली नऊला बोलावतेय." टीव्हीवर चित्राऐवजी निळा पडदा आल्यामुळे भाचा सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये डोकं घालून बसला होता. शेजारच्या गच्चीवर एक तरुण दंडबैठका मारत होता आणि दर पंधरा बैठकांनंतर "एक सेट झाला" अशी घोषणा साऱ्या गल्लीला ऐकवत होता. साडेनऊच्या सुमाराला पुढच्या दाराची पायरी नव्यानं करून गवंडी निघून गेला आणि दाजी ओरडले, "पुढून कोणी जाऊ नका रे, सिमेंट सेट व्हायचंय!" त्यातच ताईचा हुकूम सुटला, "वरच्या फळीवरचा कपांचा सेट काढ."

कपांचा सेट हे एक वेगळंच प्रकरण आहे. ताईच्या लग्नात आलेला हा सेट मूळचा सहाचा. आज त्यात पाच कप आणि सहा बश्या आहेत, आणि पाचांतल्या एका कपाला कान नाही. तरीही तो सेटच. आपल्याकडे सेट एकदा सेट ठरला की त्यातलं काय फुटलं, काय हरवलं याची चौकशी होत नाही. हे भाग्य कपांना मिळतं, मुलांना नाही.

"पाहुणे चौघं, आणि एक ह्यांना," ताईनं हिशोब केला. "तुझा चहा स्टीलच्या पेल्यातून देते. तू घरचाच."

तेवढ्यात कामाच्या मावशी आल्या. त्यांनी ओट्यावरच्या पातेल्यात एकदा वाकून बघितलं आणि निकाल दिला, "लागलं न्हाय अजून. थंडी हाय. रातच्याला पिठाच्या डब्यात ठेवायचं पातेलं."

मी पेपर बाजूला ठेवला. लागलं नाही! दही 'लागतं' हे मी जवळजवळ विसरलोच होतो. लहानपणी आमच्या घरी दही लागायचं. कधी छान लागायचं, कधी लागायचंच नाही, आणि कधी छान लागलेलं दही खाल्ल्यावर आंबट लागायचं. ते सेट कधीपासून व्हायला लागलं? बहुधा आपण फ्रिज सेट केला तेव्हापासून.

आणि मग एक गंमत ध्यानात आली. गजर लावायचा, सापळा लावायचा, गाण्याला चाल लावायची, माणसांना कामाला लावायचं, गवताच्या गंजीला काडी लावायची: या प्रत्येक ठिकाणी इंग्रज माणूस 'सेट'च म्हणतो. पाऊस धरून बसला की तो म्हणतो 'सेट इन' झाला. आपण म्हणतो पाऊस लागला. प्रवासाला निघालो की तो 'सेट ऑफ' होतो. आपण वाटेला लागतो. म्हणजे साहेबाच्या घरी जी घरकामं 'सेट' करतो, ती आपल्या घरी कित्येक शतकं 'लागणे' आणि त्याचा भाऊ 'लावणे' मिळून उरकत आलेत. आपण मात्र घरचे दोन गडी बिनपगारी बसवून ठेवले आणि साहेबाचा गडी रोजावर आणला.

'लागणे'ची ताकद बघायची असेल तर कुठल्याही एसटी स्टँडवर जावं. "स्वारगेटला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे," अशी घोषणा होते, आणि त्याच क्षणी रांगेतल्या काकू शेजारणीला सांगतात, "मला गाडी लागते हो." लागली ती गाडी वेगळी आणि लागते ती वेगळी. पहिलीत चढण्याआधी दुसरीसाठी आवळासुपारी तोंडात धरायची असते. माणसाचं सगळं आयुष्य या एका क्रियापदात मावतं. जन्मल्यावर आधी भूक लागते, मग दृष्ट लागते, मग शाळेची गोडी लागते किंवा लागत नाही. दहावीचा निकाल लागतो, त्यात वाट लागते, आणि कोणाचा तरी लळा लागून अभ्यास मागे पडतो. नोकरी लागते. लग्न लागतं. मग घराला पैसे लागतात, पैशाला चिंता लागते, चिंतेनं झोप लागत नाही. आणि या सगळ्याची नोंद ठेवणारे नातेवाईक भेटले की पहिला प्रश्न, "हे तुमचे कोण लागतात?"

जेम्स मोल्सवर्थ यांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली. हा साहेब आणि त्याच्या मदतीला बसलेले शास्त्रीपंडित क, ख, ग करत करत एका सकाळी 'लागणे'पाशी येऊन पोचले असतील, त्या सकाळची कल्पना करून मला भरून येतं. शास्त्रीबुवा शांतपणे सांगत असतील, "साहेब, ऊन लागतं, ऊब लागते, उचकी लागते, आणि अंधारात उंबराही लागतो." साहेबानं टाक खाली ठेवला असेल. त्याला त्या क्षणी बहुतेक पंखा लागला असेल.

मी हे सगळं भाच्याला सांगितलं. त्यानं सेट टॉप बॉक्सला शेवटची थाप मारली (चित्र आलं) आणि म्हणाला, "मामा, साहेबाची स्वतःच्या भाषेतही हीच दशा आहे. तू ऑक्सफर्डचा मोठा कोश बघितलायस का?"

मी ओळखीचा असल्यासारखी मान हलवली. मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला कपांच्या सेटबद्दल आदर वाटायला लागला. या कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ साल उजाडलं. १९८९ साली दुसरी आवृत्ती आली, वीस खंडांची. त्या वीस खंडांत सर्वांत लांबलचक नोंद कुठल्या शब्दाची असेल? मला वाटलं, तत्त्वज्ञान, लोकशाही, गेला बाजार प्रेम. तर नाही. तीन अक्षरी 'सेट'. त्याच्या एकट्या क्रियापदाचे ४३० अर्थ, आणि ते समजावून सांगायला साठ हजार शब्द. वाचकहो, तुम्ही वाचताय तो लेख अडीच हजार शब्दांच्या आसपासचा आहे. असे चोवीस लेख एकापुढे एक ठेवा, म्हणजे साहेबाचा 'सेट' सेट होतो. आणि आमचे कराडचे पाहुणे एवढा मोठा प्रश्न फोनवर एका वाक्यात विचारून मोकळे झाले होते!

"आणि सेटला समानार्थी शब्द?" मी विचारलं. "बायोडेटात घालायला काहीतरी निरुपद्रवी बघ की."

भाच्याकडे पीटर रॉजे यांच्या थिसॉरसची एक जाडजूड प्रत आहे. १८५२ साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक पर्यायी शब्द सुचवतं आणि नापास होणाऱ्याला जास्त आत्मविश्वासानं नापास करतं. आम्ही दोघं सोफ्यावर बसून मराठीत उलटे अर्थ लावत बसलो. सेट म्हणजे स्थिर. सेट म्हणजे ठाम. सेट म्हणजे घट्ट, गोठलेला, साच्यात बसलेला. आणि सूर्याच्या बाबतीत मावळलेला.

"मुलगा स्थिर आहे, गोठलेला आहे, मावळलेला आहे," भाचा म्हणाला. "तिन्ही खरं आहे मामा. कुठला लिहू?"

शब्दाच्या कुळाचीही चौकशी झाली. लग्नाचा विषय असताना ती व्हायलाच हवी. भाच्याचं म्हणणं असं, की क्रियापद 'सेट' हे मुळात 'सिट'चं प्रयोजक रूप. आपलं बसणे-बसवणे, तसं त्यांचं सिट-सेट. आणि हे 'सिट' आपल्या संस्कृत 'सद्' धातूचं लांबचं नातलग आहे. याच 'सद्'पासून सदन आलं, परिषद आली, गुरूपाशी बसून ऐकायचं ते उपनिषद आलं आणि संसदही आली. म्हणजे संसद आणि सेटिंग हे दोन शब्द एकाच कुळातले आहेत, हे भाषाशास्त्रानं कधीच सिद्ध करून ठेवलेलं आहे. त्यावरून काय निष्कर्ष काढायचा तो ज्याचा त्यानं काढावा.

कपांच्या सेटचं कूळ मात्र निराळं निघालं. तो लॅटिनमधल्या 'सेक्ता' या शब्दावरून, फ्रान्समार्गे इंग्लंडात उतरलेला. त्याचा अर्थ पंथ, अनुयायांचा जथा. तेव्हा कपांचा सेट आणि दह्याचं सेट होणं हे सख्खे भाऊ नव्हेत, नुसते आडनावबंधू. खेडेगावात एकाच आडनावाची दोन घरं असतात, लोक त्यांना भाऊबंद समजतात आणि दोघांचीही टपाल-पत्रं एकाच ओसरीवर टाकून जातात, त्यातला प्रकार.

सेट म्हणजे बसवणे, हे कळल्यावर मला आपल्या 'बसणे'चाही अभिमान वाटायला लागला. आपल्याकडे गणपती बसतात, नाटक बसवतात, निखळलेलं हाड बसवतात, कोंदणात खडा बसवतात, संसाराची घडी बसवतात. पण 'बसणे' हा दुतोंडी गडी आहे. घडी बसली तर आनंद, आणि धंदा बसला तर दुकानाला कुलूप. गाणं बसलं तर टाळ्या, घसा बसला तर काढा. म्हणूनच बहुधा 'मुलगा बसलाय का?' असं कोणी विचारत नाही. तो बसलेलाच असतो, हीच तर आईवडलांची तक्रार असते.

एकूण काय, इंग्रजीतल्या एका सेटसाठी आपण निरनिराळी माणसं ठेवलेली होती. दही लागायचं, सूर्य मावळायचा, पानं मांडली जायची, तारीख ठरायची, परीक्षेचा पेपर कोणीतरी काढायचं, लग्न जमायचं. छापखान्यातल्या खिळ्यांनाही जुळावं लागायचं. प्रत्येक कामाला आपलं क्रियापद, बारा बलुतेदारांसारखं. आता सगळी बलुती एका सेटनं घेतली. मी याबद्दल गळा काढणार होतो, पण मग विचार केला, साहेबानंही तेच केलंय की. लांबलचक भारदस्त शब्द समारंभापुरते येतात, शाल-श्रीफळ घेतात आणि निघून जातात. भाषेचं रोजचं पाणी भरतात ते असले छोटे शब्द. भाषा कुठलीही असो, घरात एक मधली सून असतेच. कोणीही हाक मारली तरी तिनंच उठायचं.

इथवर आमचं तत्त्वचिंतन आलं आणि फाटक वाजलं.

पाहुणे साडेदहाचे, ते दहालाच आले. मुलगी, तिची आई, मामा आणि सर्वांत पुढे वडील. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंता आहेत, असं आम्हाला आधीच कळलेलं होतं. दाजी मागच्या दारानं धावत निघाले, हात वर करून ओरडले, "पुढून नको, पुढून नको, सेट..." पण स्वागताचे शब्द समजून पाहुण्यांनी हसत हसत पाऊल टाकलं.

उजवा पाय पायरीत दोन बोटं खाली गेला.

घरभर शांतता पसरली. दुसरा कोणी असता तर चिडला असता, निदान बूट काढून बघितला असता. हे गृहस्थ अभियंता. पाय तसाच ठेवून ते खाली वाकले, बोटानं सिमेंट दाबून बघितलं आणि म्हणाले, "कधी केलं?"

"अर्ध्या तासापूर्वी," दाजी रडवेले झाले होते.

"तरी म्हटलं. साधं पोर्टलंड सिमेंट तीस मिनिटांच्या आत सेट व्हायला लागता कामा नये, आणि सहाशे मिनिटांच्या आत पुरं सेट झालंच पाहिजे, असं आपलं मानक आहे. काम करायलाही वेळ मिळाला पाहिजे आणि रेंगाळूनही चालणार नाही." मग पाय उचलत त्यांनी समारोप केला, "दहा तास. त्याच्या वर गेलं तर सिमेंट नापास."

मी भाच्याकडे बघितलं. त्याच्या वयाचे तास मनातल्या मनात मोजले आणि ताबडतोब मोजायचं थांबलो.

बूट धुऊन, हातपाय धुऊन मंडळी स्थानापन्न झाली. पोहे आले. पाच कप आले. कानाविना कप दाजींनी स्वतःकडे ओढला. माझा पेला आला. हवापाणी झालं, कराडचं सांगून झालं, साताऱ्याचं सांगून झालं, पुण्याला दोघांनी मिळून नावं ठेवून झाली. मग पाहुण्यांनी बशीत चमचा ठेवला. हा चमचा ठेवण्याचा आवाज लग्नाळू घरांत सर्वांना ओळखीचा असतो.

"मग? सेट कुठे आहात आपण?"

"इंग्रजीत," भाचा म्हणाला.

"म्हणजे परदेशी कंपनीत?"

"नाही नाही. विषयात."

"बरं. आणि पॅकेज वगैरे?"

"तासावर असतं."

पाहुण्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "तासावर? अमेरिकेत असंच असतं, माझा साडू सांगतो. आठवड्याला किती तास?"

"कॉलेज देईल तेवढे," भाचा प्रामाणिकपणे म्हणाला. "दिवाळीच्या सुट्टीत शून्य."

उजेड गेला. ताईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. मुलीच्या आईनं कप उचलून त्याखालची बशी निरखली. बशी सेटमधलीच होती. पण तो सेट किती पुरा आहे, हे सांगण्याची ही वेळ नव्हती.

"म्हणजे सेट ही परीक्षा," पाहुणे हळूहळू म्हणाले. घसरलेली वीट पुन्हा रचावी तसा एकेक शब्द ते ठेवत होते. "आणि तुम्ही ती झालात. पण तुम्ही सेट नाही."

"हो," भाचा म्हणाला. "दोन्ही बरोबर आहे."

"मग होणार कधी?"

इथं भाच्यानं जे उत्तर दिलं त्याला मी जन्मभर क्षमा करणार नाही. तो म्हणाला, "काही काही सेट लांबतात काका. २०१० साली विंबल्डनला जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पाचवा सेट ७०-६८ पर्यंत गेला. सामना तीन दिवस चालला. एकूण अकरा तास पाच मिनिटं."

"सिमेंटच्याही वर," अभियंता उद्गारले. त्यांना खरोखर रस वाटायला लागला होता. "मग जिंकलं कोण?"

"इस्नर."

"बघा! चिकाटी. मग पुढे?"

मी भाच्याच्या गुडघ्यावर हात ठेवून जोरात दाबला. पण तो शिक्षक आहे. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय त्याला राहवत नाही. "पुढच्याच फेरीत सरळ तीन सेटमध्ये हरला."

त्यानंतरच्या शांततेत शेजारच्या गच्चीवरून स्पष्ट आवाज आला, "चार सेट झाले!"

आणि मुलगी हसली. आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, आणि तोंडावर हात न ठेवता हसली. ती पुण्यात, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. पाच वर्षांत तीन कंपन्या झाल्यात. म्हणजे तीही सेट झालेली नव्हती; पण तिच्या क्षेत्रात त्याला अनुभव म्हणतात.

"पण सेटचा पहिला नंबर गेला ना?" तिनं भाच्याला विचारलं. "आता सर्वांत जास्त अर्थ रनचे आहेत, असं कुठेतरी वाचलं होतं मी."

भाचा खुर्चीत ताठ बसला. नोकरीच्या प्रश्नावर त्याचा आवाज एवढा मोकळा कधी लागला नव्हता. "हो! ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीचं काम चाललंय, त्यात. रन या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्या एका शब्दावर नऊ महिने बसले होते."

"नऊ महिने!" ताई आणि मुलीची आई एकदम म्हणाल्या. दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं ते इथं.

"साहजिक आहे," मुलगी म्हणाली. "आमच्याकडे दिवसभर हेच असतं. प्रोग्रॅम रन झाला, नाही झाला, काल रन होत होता, आज का होत नाही. सेट कोणीच नसतं. जे रन होतं ते खरं."

मी पेल्यातला चहा संपवत विचार करत होतो. खरंच आहे. इंग्रजांचं जग पळत असतं. त्यांचं दुकान पळतं, यंत्र पळतं, घड्याळ पळतं, सर्दी झाली की नाकही पळतं. निवडणूक आली की अमेरिकेतला उमेदवार तिच्यासाठी पळतो. इंग्लंडातला मात्र आपल्यासारखाच उभा राहतो. निवडून आल्यावर बसायचं तेवढं कुठेही सारखंच. आपल्याकडे घाई नाही. जिथं साहेब पळवतो तिथं आपण चालवतो. दुकान चालतं, घड्याळ चालतं, सरकार चालतं, खटला तर चालतच राहतो. दोन माणसं रस्त्यात भेटली की एक विचारतो, "कसं चाललंय?" दुसरा म्हणतो, "चाललंय." एवढ्यात दोघांची सगळी खुशाली कळते. कोल्हापूरकडे तर प्रेम, भांडण, मटण आणि राजकारण, सगळ्याला मिळून एकच शेरा आहे, "चालतंय की!"

मंडळी उठायच्या तयारीला लागली. पाहुण्यांनी लेकीला दाराशी बाजूला घेतलं. दोघंही हळू आवाजात बोलत होते, पण ताईच्या घराची रचनाच अशी आहे की दाराशी हळू बोललेलं स्वयंपाकघरात सर्वांत स्वच्छ ऐकू येतं. आम्ही सगळे स्वयंपाकघरातच होतो.

"बघ बाई," वडील म्हणत होते. "मुलगा चांगला आहे, हुशार आहे, खोटं बोलत नाही. पण सेट नाही."

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग मुलीचा आवाज आला, "मला चालेल."

ताईनं माझा हात घट्ट धरला. दाजींनी डोळे मिटले. भाचा मात्र कोशकाराच्या नजरेनं भिंतीकडे बघत होता. मराठीत 'चालेल'चे अर्थ किती, असा प्रश्न त्याला त्या क्षणीही पडला असावा. आवडेल, हरकत नाही, बघू या, माझी तयारी आहे, तुम्ही मध्ये पडू नका: यांतलं तिला नक्की काय म्हणायचं होतं, हे शोधायला त्या गिलिव्हर यांनाही नऊ महिने लागले असते. आम्ही कोणी शोधत बसलो नाही. 'चालेल' हा शब्द ज्या दिवशी ऐकू येतो त्या दिवशी त्याचा अर्थ विचारायचा नसतो.

लग्न मे महिन्यात लागलं. नोकरी अजून लागायची आहे. दही आता पिठाच्या डब्यात ठेवलं की छान लागतं. नवरा-नवरी दोघं पुण्यात भाड्याच्या घरात राहतात आणि 'कसं चाललंय?' म्हटलं की 'चाललंय' म्हणतात.

त्या रविवारी पाहुणे गेल्यावर दाजी थापी घेऊन पायरी सारखी करायला धावले होते. ताईनं त्यांना हात धरून थांबवलं. "राहू द्या हो. लक्ष्मीची पावलं यायची आहेत, त्याआधी तिच्या वडलांचं येऊन गेलं समजा." त्यामुळे आमच्या ताईच्या दारात आजही नऊ नंबरच्या उजव्या बुटाचा ठसा आहे. त्या दिवसभरात सेट व्हायला निघालेल्या सगळ्या गोष्टींमध्ये तेवढा एक दहा तासांच्या आत, मानकाप्रमाणे, सेट झाला.